आधी कूस, मग भांडण

सिस्टरांवर मी लिहिलेलं पान परत आलं. सोबत चिठ्ठी होती: "थोडं सौम्य करता येईल का?"

मी शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. माझं लिखाण याआधी कोणी परत पाठवलेलं नाही. पण राग त्याचा नाही. मठातली एक तरुण सिस्टर महिन्यापूर्वी घरी आली होती, गोड मुलगी. म्हणाली, आम्ही स्मरणपुस्तिका काढतोय, 'त्यांच्या जीवनातून मिळणारे आध्यात्मिक धडे', तुम्ही त्यांना सगळ्यांत जास्त ओळखता, एक पान द्या. तिने मथळेही आणले होते: नम्रता, सहनशीलता, मौन.

"मौन कोणाचं?" मी विचारलं.

"सिस्टरांचं, आजी."

मी तिला चहा दिला आणि पान लिहून देते म्हटलं. ते आता परत आलं आहे. म्हणून तुम्हा दोघांना लिहिते. तुम्ही तिकडे मेलबर्नला बसून मला विचारता की आजी, तुला राग लवकर का येतो, डॉक्टरांनी रक्तदाब जपायला सांगितलंय ना. राग कुठून आला ते सांगते. माझा स्वतःचा नव्हता तो. मला तो एका बाईने दिला.

सिस्टर केरळच्या. तुमच्या बाबाच्या जन्माच्या आधीपासून आपल्या गावाबाहेरच्या मिशनच्या दवाखान्यात होत्या. औरंगाबाद तेव्हा छावणीच्या पलीकडे संपत असे आणि हा दवाखाना त्याच्याही पुढे, बाभळींच्या रानात. त्या मराठी शिकल्या त्या पेशंटांकडून. म्हणजे कन्नड, देवगाव रंगारी, सिल्लोड इथल्या शेतकऱ्यांकडून. पुस्तकातली मराठी त्यांना येतच नव्हती. पांढरा झगा, गळ्यात क्रूस, आणि तोंडात "लई", "व्हय", "नाय". सगळ्यांना "तू". मामलेदाराला तू, सर्जनला तू. देवाला तर आपण सगळेच तू म्हणतो, पण आपला तू हात जोडलेला असतो. सिस्टरांचा तू दवाखान्यात उशिरा आलेल्या आयाला झापतानाचा असे. चॅपलमध्ये मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय: "बघ, आज परत तू झोपला होतास. सात नंबरवाली गेली."

मला त्या "मास्तरीण" म्हणायच्या. मी त्यांना सिस्टर म्हणायची. चाळीस वर्षांत यात बदल झाला नाही.

त्यांना फुलं आवडत नसत. नातेवाइकांनी गुच्छ आणला की त्या तो खिडकीबाहेर ठेवायच्या, कारण फुलांच्या वासात जखमेचा वास लपतो. पावडरही बंद, अत्तरही बंद. सिल्लोडचे एक अत्तरवाले चाचा पायाच्या जखमेसाठी तीन महिने होते, त्यांनी कानातला फाया काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "सिस्टर अम्मा, मेरी तो रोजी है." सिस्टर म्हणाल्या, "तुझी रोजी तुझ्या नाकाला. माझी माझ्या." वॉर्डात शिरताना त्या पहिल्यांदा डोळे मिटून उभ्या राहायच्या. लोकांना वाटायचं, प्रार्थना करतात. त्या वास घेत असायच्या.

आणि त्यांची थाळी. जो माणूस स्वतः हलू शकत नाही त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर हाडावरची कातडी मरते आणि भोक पडतं. एवढंच ते शास्त्र. त्यासाठी सिस्टर दर दोन तासांनी स्टीलच्या थाळीवर चमच्याने तीन ठोके मारायच्या. थाळी वाजली की त्या क्षणी वॉर्डात जो कोणी असेल त्याने हातातलं टाकायचं आणि जवळच्या पेशंटला वळवायला हात लावायचा. डॉक्टर असो, दूधवाला असो. एकदा बिशप भेटीला आले होते, आशीर्वाद द्यायला हात उचललेला, आणि थाळी वाजली. सिस्टर म्हणाल्या, "बाही वर कर." बिशपांनी बाही वर केली. कन्नडच्या एका म्हाताऱ्याला त्यांनी खांद्याला धरून वळवलं आणि म्हातारा म्हणाला, "हळू रं, नवा हायस व्हय?"

प्रार्थना चालू असली तरी त्या मध्येच उठून जायच्या. त्यांच्या वरिष्ठांनी याबद्दल त्यांना लेखी समज दिली होती. "देव थांबतो," त्यांचं उत्तर. "पाठ थांबत नाय."

आता माझी गोष्ट. ही मी तुमच्या बाबालाही कधी सांगितलेली नाही.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे तुमच्या पणजीला, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. देवगाव रंगारीचं मोठं घर, जमीनजुमला. सरकारी दवाखान्यात गर्दी म्हणून मिशनच्या दवाखान्यात आणलं. सिस्टरांचा नियम असा की वळवायचं काम नातेवाइकाने करायचं, कारण घरी नेल्यावर त्यालाच करायचंय. खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता टांगलेला. वळवलं की त्या वेळेच्या चौकोनात खूण करायची.

शेजारच्या खाटेवर कन्नडकडची एक शेतमजूर बाई होती. मळणीयंत्रावरून पडून कमरेखाली लुळी झालेली. तिच्या उशाशी बुद्धाची छोटी तसबीर होती. सासूबाईंनी ती पहिल्याच दिवशी पाहिली. तोंड वाकडं झालेलं, शब्द अर्धेच उमटत होते, तरी एवढं नीट उमटलं: "सूनबाई, माझी खाट हलव. हिच्या शेजारी नको."

आणि मी, शिकलेली, गेले सांगायला. सिस्टरांना बाजूला घेऊन इंग्रजीत सांगितलं, हलक्या आवाजात, म्हणजे वॉर्डात कोणाला कळू नये. वाक्यरचना अगदी सभ्य होती. सिस्टरांनी ऐकून घेतलं आणि वॉर्डाच्या मध्यभागी उभं राहून मराठीत म्हणाल्या:

"ही मास्तरीण म्हणती, हिच्या सासूला ह्या बाईच्या शेजारी नको. बरं. खाट काय हलणार नाय. सासू हलंल. बाराला खिडकीकडं तोंड. दोनला ह्या बाईकडं तोंड. चारला खिडकी. सहाला ही बाई. मरंपर्यंत."

मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ती शेजारची बाई छताकडे बघत होती. मग म्हणाली, "माजी काय हरकत नाय."

सासूबाईंनी पहिले तीन दिवस तिकडे वळवलं की डोळे मिटून घेतले. पण दोन तास डोळे मिटून किती राहणार. चौथ्या दिवशी मी डबा घेऊन आले तर दोघी बोलत होत्या. लोणच्यात मोहरी किती घालायची यावर. आठवड्याने ती बाई सासूबाईंना "मैतरीण" म्हणू लागली. "मैतरणी, मला घड्याळ नाय लागत बघा. तुमचं त्वांड दिसलं का समजायचं, दोन वाजले." सासूबाई हसल्या. अर्ध्या तोंडाने हसल्या. आमच्या घरात मी त्यांना पूर्ण तोंडाने कधी हसताना पाहिलं नव्हतं.

एप्रिलचा महिना होता, शाळेचे वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचे होते. मी गठ्ठा घेऊन खाटेजवळ बसायची. त्या दिवशी दोनची थाळी वाजली तेव्हा माझ्या हातात एक पेपर अर्धा होता. मला अर्धं काम सोडवत नाही, तुम्हाला माहीत आहे. म्हटलं, हा संपवते. सिस्टर ऑपरेशनला आत होत्या, थाळी आयाने वाजवली होती आणि ती वाजवून चहाला गेली. तो पेपर संपला, पुढचा घेतला. पावणेतीनला लक्षात आलं की दोनचा चौकोन रिकामा आहे. रिकामा चौकोन मला बघवत नाही. मी खूण केली. पुढचा चारचा होता. आता चारला वळवायचंच आहे, तीही करून टाकली. दोन्ही माझ्या तांबड्या पेनाने, छान, सारख्या मापाच्या.

सव्वातीनला सिस्टर आल्या. दाराशी डोळे मिटले. मग सरळ आमच्या खाटेशी. तक्ता पाहिला. मला काहीच विचारलं नाही. शेजारच्या बाईला विचारलं, "दोनला हिनं तोंड दाखवलं का तुला?"

त्या बाईने माझ्याकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं. तिच्या सोबतीला राहिलेल्या मुलीला मी रोज चहा देत असे, त्याची भीड असावी. मग म्हणाली, "बाई, रागावू नका. माजी मैतरीण बाराला खिडकीकडं गेली, ती अजून आलीच नाय."

सिस्टरांनी माझा हात मनगटाशी धरला. पेन अजून बोटांत होतं. तो हात त्यांनी सासूबाईंच्या कमरेखाली घातला, पार आत.

"काय लागतंय?"

"ओलं," मी म्हटलं.

"कागदावर कोरडं हाय."

सासूबाईंना वळवलं. माकडहाडावर रुपयाएवढा तांबडा डाग होता. सिस्टरांनी त्यावर बोट दाबलं. बोट काढलं की जागा पांढरी व्हायला हवी. ती तांबडीच राहिली.  सासूबाईंनी दोनपासून मला दोनदा हाक मारली होती. मी "आले हं" म्हटलं होतं.

समोरची खाट रिकामी होती, गादी नसलेली, नुसती लोखंडी पट्ट्यांची. सिस्टर म्हणाल्या, "झोप तिथं."

मी खळ घातलेल्या पांढऱ्या सुती साडीत होते. म्हटलं, "सिस्टर, मी—"

"दोन तास. हललीस तर परत पहिल्यापासून. ए," शेजारच्या बाईला, "ध्यान ठेव हिच्यावर."

मी झोपले. का झोपले, माहीत नाही. शाळेत मी हेडमिस्ट्रेसचंही ऐकत नसे. दहा मिनिटांनी नाकाला खाज सुटली. अर्ध्या तासाने उजवा कुल्ला दुखायला लागला, मग जळायला लागला, मग तिथे कोणी निखारा धरून बसलंय असं झालं. सगळा वॉर्ड बघत होता. भेटीची वेळ झाली, लोक आले, विचारू लागले की या बाईंना काय झालंय. "मास्तरीण हायेत त्या," शेजारची बाई सांगायची, "शिकायला झोपल्यात." मी रडले, पण अश्रू पुसता येईनात, कानात गेले. सव्वापाचला सिस्टर आल्या. मला उठता येईना, त्यांनीच पाठीखाली हात घालून उठवलं, अगदी अलगद, आणि पेन हातात दिलं.

"आता कर खूण."

तो तक्ता त्यांनी काढून घेतला आणि नर्सेसच्या खोलीत लावला. नवी नर्स आली की तिला दाखवायच्या: "हे आपल्या मास्तरणीचं. अक्षर बघ किती चांगलं. खोटं हाय." पंधरा वर्षं तो तिथे होता. त्या खोलीत बसूनच मी दर शनिवारी दवाखान्याची इंग्रजी पत्रं लिहीत असे, फुकट, आणि पाठीमागे तो भिंतीवर. मी दोनदा चोरायचा प्रयत्न केला. दवाखाना बंद झाला तेव्हा सिस्टरांनीच मला आणून दिला. "घे. तुझं सर्टिफिकेट."

ही नम्रता, ही सहनशीलता, हे मौन. मथळे तुम्हीच लावा.

दवाखाना बंद झाल्यावर त्या वृद्ध सिस्टरांच्या घरात राहिल्या. गेल्या वर्षी खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आणि मग बीड बायपासकडच्या एका सेंटरमध्ये ठेवलं, जिथे अशा माणसांची काळजी घेतात असं पाटीवर लिहिलेलं आहे. नाव सांगत नाही. नाव सांगितलं तर तुम्ही त्या एकाला शिव्या द्याल आणि बाकीच्यांना सोडून द्याल.

माझ्या गुडघ्यामुळे मला जायला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे माझे, ते मी कोणावर ढकलत नाही. गेले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. खोली चकचकीत, एसी, टेबलावर फुलं, हवेत लिंबाच्या वासाचा फवारा. पायथ्याशी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तक्ता. सगळे चौकोन भरलेले. आठ, दहा, बारा, दोन.

मी परत घड्याळ पाहिलं. अकरा.

मी पांघरुणाखाली हात घातला. काय लागलं ते लिहायची गरज नाही.

नर्स आली, तुमच्याएवढीच मुलगी, बाविशीची. मी विचारलं, "हे दोनचं कोणी केलं?"

"तसंच भरतात इथं, मॅम. सकाळीच भरून ठेवायचं. नंतर टाइम नाही भेटत."

"आत्ता अकरा वाजलेत."

"व्हय ना, मॅम."

तिला त्यात काही चूक वाटत नव्हती. मी जो आवाज लावला तो मी वर्गातही कधी लावला नसेल. कॉरिडॉरमधून लोक आले. मी तिला म्हटलं, तुला लाज वाटते का, ही बाई कोण आहे माहीत आहे का, हिने—

खाटेवरून आवाज आला. बारीक, कोरडा, पण तोच.

"मास्तरीण. आधी कूस. मग भांडण."

त्या मुलीने आणि मी मिळून त्यांना वळवलं. माकडहाडावर जे होतं त्यात लिंबू मावलं असतं. तळाशी पांढरं दिसत होतं, ते हाड. चाळीस वर्षांत या बाईने स्वतःच्या वॉर्डात हे होऊ दिलं नव्हतं. ती मुलगी भिंतीला टेकून उभी राहिली. म्हणाली, "मॅम, मला कोणी दाखवलंच नाही." मला तिच्यावर आणखी ओरडायचं होतं, पण मी तिला कोरडी चादर आणायला सांगितलं.

मग मी भांडले. मॅनेजरने मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि फाइल उघडली. "मॅडम, आमचं रेकॉर्ड एकदम कंप्लीट आहे." मी म्हटलं, तेच सांगायला आलेय.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी रिक्षाने जायची, संध्याकाळपर्यंत थांबायची. डब्याचं झाकण आणि चमचा घेऊन. पहिल्याच दिवशी त्या मुलीला तो जुना तक्ता दाखवला. तांबड्या खुणांवर बोट ठेवलं. "हा कोणाचा, मॅम?" "माझा." तिने बराच वेळ पाहिला. दुपारी माझ्या ठोक्यांच्या आधीच ती दारात उभी होती. इतर नर्सा हसायच्या. पण चौथ्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या एका बाईंचा मुलगा विचारायला आला की मला दाखवाल का कसं वळवायचं. सिस्टर बहुतेक वेळ ग्लानीत असत. एकदा झाकण वाजवलं तर डोळे न उघडता म्हणाल्या, "दोन मिनिटं उशीर."

अठराव्या दिवशी त्या गेल्या. जखमेतलं विष रक्तात गेलं होतं. दाखल्यावर कारण हृदयाचं लिहिलंय. कागदावर कोरडं.

शोकसभेत फादर म्हणाले की त्यांनी अखेरचं दुःख एका शब्दाची तक्रार न करता प्रभूच्या चरणी वाहिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दुसऱ्या रांगेत होते. मला उभं राहून सांगायचं होतं की त्यांनी तक्रार केली होती, रोज केली होती, तीन आठवडे कोणी ऐकायला नव्हतं, आणि देवाने हे दुःख मागितलं नव्हतं, ते न वळवल्यामुळे झालं होतं. मी उठले नाही. सभेत मध्ये बोलायचं नसतं, ही माझी शिस्त. ती मेली नाही अजून.

म्हणून पुस्तिकेसाठी ते लिहिलं, आणि ते परत आलं. सौम्य करून हवंय. मी नाही करणार. तिथे फुलाचं चित्र छापा म्हणून कळवलंय.

आता तुमचं आणि माझं. तुमच्या बाबाने माझ्या फोनवर ते ॲप टाकून दिलंय. पाणी प्यायले, गोळ्या घेतल्या, अर्धा तास चालले, कोणाशी तरी बोलले. मी खूण केली की तुमच्याकडे हिरवं होतं. तुम्ही मला फोनवर लाल बदाम पाठवता आणि लिहिता, "आजी, शाबास."

मी रोज सकाळी चहा घेताना दिवसभराच्या सगळ्या खुणा एकदम करून टाकते. रिकामा चौकोन मला अजूनही बघवत नाही. दिवाळीपासून मी जिना उतरलेली नाही, फक्त त्या अठरा दिवसांत उतरले, आणि त्यानंतर गुडघा वाकतच नाही. कामवाल्या मावशी सोडून दिवसभरात कोणाशी बोलणं होत नाही. तुमच्याकडे सगळं हिरवं आहे.

मंगळवारपासून मी एकही खूण केलेली नाही. बाबाचा फोन आला, "आई, ॲप बंद पडलंय का?" म्हटलं, ॲप ठणठणीत आहे. त्याने स्वतःचे आणि तुम्हा दोघांचे फोटो पाठवले, नवीन फोन पाठवतो म्हणाला. म्हटलं, फोन नको.

सुट्टी कधी आहे ते कळवा. येऊन हात घालून बघा.